छाती न उघडता हृदयाची झडप: नळीच्या टोकाशी नेमकं काय घडतं

हृदयविकार म्हटला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: "ब्लॉकेज किती टक्के?" अँजिओग्राफी, स्टेंट, बायपास हे शब्द आता खेड्यापाड्यांतही रुळलेत. पण हृदयरोगांचा एक मोठा गट असा आहे, की ज्यात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या स्वच्छ असू शकतात आणि तरीही माणसाला एक जिना चढवत नाही, रात्री आडवं झालं की धाप लागते, किंवा चार पावलं भराभर टाकली की डोळ्यांपुढे अंधारी येते. इथे दोष हृदयाच्या बांधणीत असतो. झडप नीट उघडत नाही, नाहीतर नीट मिटत नाही, नाहीतर दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून भोक असतं. डॉक्टर या सगळ्याला मिळून स्ट्रक्चरल हार्ट डिसीज म्हणतात.

गोळ्यांनी अंगावरची सूज उतरते, ठोके आवरतात. पण चिकटलेली झडप गोळीने सुटत नाही आणि भोकही बुजत नाही. तिथे दुरुस्तीच करावी लागते. छातीचं मधलं हाड कापायचं, हृदय थांबवायचं, तेवढा वेळ रक्त यंत्रातून फिरवायचं, हा अनेक दशकं त्यासाठीचा राजमार्ग होता आणि कित्येक रुग्णांसाठी आजही तोच योग्य आहे. त्याच्या जोडीला जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन, हृदय धडधडत असतानाच दुरुस्ती करण्याच्या पद्धती गेल्या पन्नास-साठ वर्षांत उभ्या राहिल्या.

"ऑपरेशन न करता व्हॉल्व्ह बसवला" अशा बातम्या वाचून आशा वाटते, आणि ती वाटायलाच हवी. पण त्यातून हे काहीतरी किरकोळ काम आहे असा समज होतो, तो मला काळजीचा वाटतो. जखम छोटी असते, काम छोटं नसतं. ते काम तडीस जाणार की अंगाशी येणार, हे बहुतांशी नळी आत जाण्याआधीच, इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि सीटी स्कॅनवरच्या मोजमापांत ठरलेलं असतं. घरच्यांनी सगळ्यात जास्त चौकशी करायची ती याच टप्प्यावर, आणि नेमकी तिथेच कुणी करत नाही.

हृदयापर्यंतचा रस्ता

जांघेतली शीर धरली तर पोटातल्या मोठ्या शिरेतून नळी सरळ हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पोचते. जांघेतली धमनी धरली तर रक्ताच्या प्रवाहाविरुद्ध वर जात, महाधमनीच्या कमानीला वळसा घालून ती महाधमनीच्या झडपेवर येऊन टेकते. अडचण असते डाव्या वरच्या कप्प्याची. फुप्फुसांतून शुद्ध रक्त तिथे येतं, पण बाहेरून तिथे जायला सोपी वाट नाही. म्हणून उजव्या कप्प्यातून मधल्या पडद्याला सुईने छिद्र पाडून पलीकडे जातात. या पडद्याचा एक भाग पातळ असतो. आईच्या पोटात असताना बाळाचं रक्त तिथूनच पलीकडे जात असतं आणि जन्मानंतर ती वाट मिटते. सुई टोचायची ती बरोबर तिथे. थोडी इकडेतिकडे सरकली तर ती महाधमनीत शिरू शकते किंवा हृदयाची भिंत भेदून बाहेर जाऊ शकते. बाहेरून बघणाऱ्याला या सगळ्यातलं काहीच दिसत नाही, दिसतो तो जांघेवरचा चिकटपट्टीचा तुकडा.

नळी हृदयात शिरली तर हृदय बंद पडेल, ही भीती पूर्वी डॉक्टरांनाही होती. १९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डमध्ये वेर्नर फोर्समन या पंचविशीच्या डॉक्टरने वरिष्ठांची मनाई असताना स्वतःच्याच हाताच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर नळी आत सरकवली आणि तशाच अवस्थेत एक्स-रे विभागापर्यंत चालत जाऊन फोटो काढून घेतला. नळीचं टोक हृदयात होतं आणि माणूस उभा होता. १९५६ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. बांधणीतल्या दोषावर नळीने केलेल्या सुरुवातीच्या उपचारांतला एक १९६६ सालचा, फिलाडेल्फियातल्या विल्यम रॅशकिंड यांचा. काही बाळं अशा दोषासह जन्मतात, की शुद्ध आणि अशुद्ध रक्त एकमेकांत मिसळलं नाही तर ती जगत नाहीत. रॅशकिंडनी अशा निळ्या पडलेल्या बाळांच्या हृदयातल्या पडद्यातून फुगवलेला बलून झटक्यात ओढून वाट मोठी केली. आजही अनेक नवजात बाळं मोठ्या ऑपरेशनपर्यंत तग धरतात ती या उपायावर.

चिकटलेली मायट्रल झडप आणि बलून

वर्तमानपत्रांत गाजतात त्या नव्या, महागड्या झडपा. पण मला आधी मायट्रल झडपेच्या, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपेच्या, बलूनबद्दल सांगायचं आहे, कारण आपल्याकडच्या गरीब आणि तरुण रुग्णांच्या सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला नळीचा उपचार तोच.

साधारण ५ ते १५ वर्षांच्या वयात स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूमुळे मुलांचा घसा धरतो. बहुतेक मुलं बरी होतात. काहींना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघे-घोटे सुजतात, दुखणं एका सांध्यातून दुसऱ्यात फिरतं. याला ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात. जंतूशी लढायला उठलेली शरीराची यंत्रणा चुकून स्वतःच्याच झडपांवर हल्ला करते. सांध्यांची सूज जाते आणि घरचे विसरूनही जातात, पण झडपेवर व्रण राहतो. पुढे काही वर्षांत मायट्रल झडपेच्या दोन पाकळ्या कडेने एकमेकींना चिकटत जातात. निरोगी मायट्रल झडप ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडते. ती दीडच्या खाली आली की आजार तीव्र धरतात, आणि १ च्या आसपास आली की शर्टाच्या काजासारखी फट उरते. सगळं शुद्ध रक्त तेवढ्याच फटीतून पुढे जायचं असल्याने मागे डाव्या वरच्या कप्प्यात आणि तिथून फुप्फुसांत दाब तुंबतो. दाटीवाटीची वस्ती आणि अर्धवट उपचार झालेले घसे जिथे जास्त, तिथे हा आजार जास्त. श्रीमंत देशांतून तो जवळजवळ हटला. आपल्याकडे विशीच्या आतही झडप इतकी आकसलेले रुग्ण सापडतात, आणि त्यांत बायकांचं प्रमाण मोठं आहे.

अशी बाई दवाखान्यात येते ती खोकला आणि दम घेऊन. दम्याचे पंप होतात. थुंकीत रक्त दिसलं की टीबीच्या तपासण्या होतात. एका साध्या टूडी इकोने जे पाच मिनिटांत कळलं असतं, त्यात वर्षं जातात. पुष्कळदा आजार उघड होतो तो गरोदरपणात. पोटात बाळ वाढताना शरीरातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, ठोकेही वाढतात, आणि तोवर कशीबशी निभावून नेणारी झडप हार मानते. पाचव्या-सहाव्या महिन्यात ही बाई एकदम बसून श्वास घ्यायला लागते.

जपानी हृदयशल्यविशारद कानजी इनोउए यांनी १९८२ साली या झडपेसाठी बलून वापरला आणि १९८४ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्याआधी सर्जन बरगड्यांमधून शिरून बोटाने किंवा रुंद करणाऱ्या अवजाराने (डायलेटरने) ही झडप मोकळी करत, आणि भारतात अशी हजारो ऑपरेशनं झाली. इनोउए बलूनची करामत त्याच्या फुगण्याच्या क्रमात आहे. लॅटेक्सच्या दोन थरांमध्ये नायलॉनची जाळी असते आणि ती अशी विणलेली असते, की बलून एकदम फुगत नाही. केवढा फुगवायचा याचा ढोबळ हिशेब उंचीवरून: सेंटिमीटरमधल्या उंचीला १० ने भागायचं आणि त्यात १० मिळवायचे. १५० सेंटिमीटर उंचीच्या बाईसाठी २५ मिलिमीटर.

कॅथ लॅबमध्ये, म्हणजे नळीचे उपचार करायच्या खोलीत, रुग्ण जागा असतो. जांघेत भुलीचं इंजेक्शन, शिरेत नळी, पडद्याला छिद्र. डाव्या वरच्या कप्प्यात पोचल्यावर पहिलं काम दाब मोजण्याचं. मॉनिटरवर तो २५ मिलिमीटर पारा किंवा त्याहूनही वर दिसतो. मग मिटलेला बलून झडपेतून खालच्या कप्प्यात उतरवतात आणि आधी त्याचा पुढचा भाग फुगवतात. बलून मागे ओढला की तो झडपेच्या तोंडाशी अडतो. लगेच मागचा भाग फुगवतात. आता झडप दोन फुगीर भागांच्या मधल्या कमरेत पकडलेली असते. शेवटी ती कमर फुगते आणि पाकळ्या जिथे चिकटल्या होत्या त्या रेषेवर उकलतात. हे सगळं काही सेकंदांचं, कारण तेवढा वेळ रक्ताची वाट बंद असते. बलून रिकामा करून पुन्हा दाब बघतात, पुन्हा इको करतात. झडप पुरेशी उघडली नसेल तर एक-एक मिलिमीटर वाढवत पुन्हा. सगळं जमून आलं तर टेबलावरच दाब निम्म्यावर येतो आणि उघडण्याचं माप १ वरून २ च्या आसपास जातं. पुष्कळ रुग्णांना त्याच रात्री आडवं झोपता येतं.

हा उपाय ऑपरेशनच्या तोडीचा आहे का, याचं उत्तर शोधण्यात भारताचा वाटा मोठा आहे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधल्या ६० रुग्णांची चिठ्ठ्या टाकावी तशी विभागणी करून निम्म्यांना बलून आणि निम्म्यांना हृदय उघडून केलेलं ऑपरेशन दिलं गेलं. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीन वर्षांनंतर बलूनच्या गटातल्या झडपा सरासरी २.४ चौरस सेंटिमीटर, तर ऑपरेशनच्या गटातल्या १.८ उघडत होत्या. हे रुग्ण बलूनसाठी योग्य म्हणून निवडलेले होते, हे मात्र ध्यानात ठेवायचं.

कारण प्रत्येक झडप बलूनजोगी नसते. इकोवर चार गोष्टी पाहतात: पाकळ्या किती हलतात, किती जाड झाल्यात, त्यांना धरून ठेवणाऱ्या दोऱ्या किती आखडल्यात, आणि कॅल्शियम किती साठलंय. प्रत्येकीला १ ते ४ गुण. विल्किन्स स्कोअर म्हणतात तो हाच. बेरीज ८ किंवा कमी असेल तर बलूनचा निकाल सहसा चांगला लागतो. जास्त असेल तर झडप चिकटलेल्या रेषेवर न उकलता भलतीकडेच फाटण्याचा धोका वाढतो, आणि मग आखडलेल्या झडपेच्या जागी गळकी झडप हाती येते. गळती तीव्र झाली तर तातडीने ऑपरेशन. निष्णात हातांतही शंभरांतल्या मोजक्या रुग्णांवर ही वेळ येते, म्हणून पाठीशी सर्जन असलेलंच रुग्णालय गाठावं. बलूनआधी अन्ननलिकेतून इकोही करतात. डाव्या वरच्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्ताची गुठळी असेल आणि नळी तिला लागली, तर गुठळी सुटून थेट मेंदूकडे जाऊ शकते. गुठळी दिसली की बलून लांबणीवर टाकून रक्त पातळ करणारी औषधं देतात. आधीपासून झडप बरीच गळत असेल तर बलून नाहीच.

गरोदर बाईला औषधांनी आराम पडत नसेल तर बलून करता येतो, शक्यतो पहिले तीन महिने उलटल्यावर, पोटावर शिशाचं आवरण घालून आणि एक्स-रे कमीत कमी वापरून. दोन जीव वाचवणारा इतका थेट उपचार हृदयरोगात दुसरा क्वचितच असेल.

आणि पेनिसिलिन. बलूनने झडप उघडते, मूळ आजाराची खोड जात नाही. पुन्हा घसा धरला, पुन्हा ऱ्हुमॅटिक फीव्हर आला, तर उघडलेली झडप पुन्हा बिघडते. म्हणून दर २१ दिवसांनी कमरेत ते दुखरं इंजेक्शन, ज्याला सगळे 'पेनिड्युअर' म्हणूनच ओळखतात, अनेकांना वयाच्या चाळिशीपर्यंत किंवा त्याहून पुढेही घ्यावं लागतं. "बलून झाला, आता इंजेक्शन कशाला" असं म्हणून सोडणारे खूप. लग्नानंतर सासरी सांगायचा संकोच, गावात इंजेक्शन द्यायला कुणी तयार नसणं, ही कारणं खरी आहेत आणि त्यासाठी रुग्णाला रागावून उपयोग नाही. आशाताईंना आणि आरोग्य केंद्राला कार्ड दाखवून तारीख ठरवून घेणं हाच मार्ग.

पडद्यातलं भोक आणि छत्री

"बाळाच्या हृदयाला भोक आहे" हे ऐकून आईबापांच्या पायाखालची जमीन सरकते. भोकांचे प्रकार अनेक आहेत. काही छोटी आपोआप बुजतात, काहींना ऑपरेशनच लागतं. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या मध्यभागी असलेलं भोक, ज्याला एएसडी म्हणतात, बऱ्याचदा नळीने बंद करता येतं. १९७० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत किंग आणि मिल्स यांनी ते करून दाखवलं. पुढे कर्ट ॲम्प्लाट्झ यांनी बनवलेलं उपकरण जगभर पसरलं. आपल्याकडे त्याला सरसकट छत्री म्हणतात. निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या, म्हणजे निटिनॉलच्या, बारीक तारांच्या दोन चकत्या मधल्या कमरेने जोडलेल्या असतात. हा धातू आपला आकार लक्षात ठेवतो. नळीत ताणून भरलेल्या तारा बाहेर येताच मूळ चकतीच्या रूपात उलगडतात: एक पडद्याच्या डावीकडे, दुसरी उजवीकडे. जागा चुकली तर तारेला धरलेली असतानाच छत्री पुन्हा नळीत ओढून घेता येते. नीट बसली याची खात्री पटल्यावरच फिरकी उलटी फिरवून सोडतात. साधारण सहा महिन्यांत तिच्यावर हृदयाच्या आतल्या अस्तराचा थर चढतो. तोवर ॲस्पिरिनसारखी गोळी असते.

इथेही मोजमापच निर्णय घेतं. छत्रीला धरायला भोकाच्या भोवती पडद्याची कड लागते, साधारण ५ मिलिमीटर. बहुतेक बाजूंना कडच नसेल तर छत्री निसटते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे फुप्फुसांतला दाब. वर्षानुवर्षं जास्तीचं रक्त सोसून फुप्फुसांच्या वाहिन्या कायमच्या कडक झाल्या असतील, तर ते भोक म्हणजे ताणलेल्या उजव्या हृदयाची सुटकेची वाट झालेली असते, आणि ती बंद करणं घातक ठरतं. म्हणून "मोठी झाल्यावर, लग्नाच्या आधी बघू" हा सल्ला ऐकू नये. शाळा-अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. जन्मजात हृदयदोषाची शंका आलेल्या मुलांना त्यातून पुढे पाठवलं जातं. त्या पथकाने चिठ्ठी दिली असेल तर ती घडी करून कपाटात ठेवू नका.

महाधमनीची झडप: टावी

मायट्रलचा बलून तरुणांचा, तर टावी, म्हणजे महाधमनीच्या तोंडाशी नळीने नवी झडप बसवणं, मुख्यतः वयस्करांसाठी. म्हातारपणी महाधमनीच्या झडपेत कॅल्शियम साचून ती दगडासारखी कडक होते. ही झडप ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडायला हवी. १ च्या खाली गेली की आजार तीव्र. चालताना छातीत दुखणं, धाप, भोवळ यांतलं काही सुरू झालं की वेळ थोडा उरलेला असतो. "वय झालं, दम लागणारच" असं म्हणत घरचे नेमका हाच वेळ घालवतात.

या झडपेवरही बलूनचा प्रयोग झाला होता. फ्रान्समधल्या रूआँ शहरातले आलँ क्रिबिये यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यावर तो केला. पण ऱ्हुमॅटिक झडप चिकटलेल्या रेषेवर उकलते तशी कॅल्शियमने भरलेली झडप उकलत नाही; काही महिन्यांत ती पुन्हा आकसते. मग झडपच आतून बसवली तर? डेन्मार्कचे हेनिंग रूड अँडरसन यांनी खाटकाकडून डुकरांची हृदयं आणून त्यांतल्या झडपा तारेच्या घरी बनवलेल्या स्टेंटमध्ये शिवल्या आणि १९८९ साली एका डुकराच्या हृदयात नळीने बसवून दाखवल्या. माणसात हे पहिल्यांदा केलं क्रिबिये यांनीच, १६ एप्रिल २००२ रोजी. रुग्ण ५७ वर्षांचा होता, हृदय निकामी होत चाललेलं, ऑपरेशनला सर्जनांनी नकार दिलेला आणि पायांच्या धमन्याही बंद. म्हणून शिरेतून, पडदा भेदून, लांबच्या वाटेने झडप नेली. झडप चालली. रुग्ण पुढे काही महिनेच जगला, पण दार उघडलं होतं.

ज्यांना ऑपरेशन झेपणारच नाही अशा रुग्णांवरच्या पार्टनर चाचणीचे निकाल २०१० साली आले. औषधं आणि साधे उपाय मिळालेल्या गटातले ५०.७ टक्के रुग्ण वर्षभरात दगावले. टावी झालेल्या गटातले ३०.७ टक्के. हे आकडे मी मुद्दाम दोन्ही बाजूंनी देतोय. फायदा प्रचंड होता, आणि तरीही दहातले तीन जण वर्षभरात गेले, कारण ते मुळातच खूप आजारी होते. २०१९ साली कमी जोखमीच्या रुग्णांवरच्या चाचण्यांतही टावी ऑपरेशनच्या बरोबरीने उभी राहिली.

करतात कसं? झडपेच्या पाकळ्या गायी-बैलाच्या किंवा डुकराच्या हृदयाच्या आवरणापासून बनवलेल्या असतात आणि रसायनात बुडवून ठेवलेल्या असतात. टेबलाशेजारी त्या सलाइनमध्ये पुन्हा पुन्हा धुतात. मग एका गोल दाबयंत्रात ठेवून, मूठ आवळत न्यावी तशी धातूची चौकट सर्व बाजूंनी दाबत बलूनवर बसवतात. २३-२६ मिलिमीटरची झडप ५-६ मिलिमीटरच्या आसपास येते. जांघेतल्या धमनीतून ती वर जाते. कडक झालेल्या झडपेच्या मधोमध पोचली, की तात्पुरत्या पेसमेकरने हृदयाचे ठोके मिनिटाला १८० किंवा त्याहून वर नेतात. इतक्या वेगाने हृदय नुसतं थरथरतं, रक्त बाहेर फेकत नाही, मॉनिटरवरचा रक्तदाब एकदम खाली येतो. त्या काही सेकंदांत बलून फुगवायचा, जुनी झडप भिंतीला चेपली जाते आणि नवी तिच्या जागी उघडते. बलून रिकामा, पेसिंग बंद, आणि खोलीतले सगळे रक्तदाबाची रेघ वर येण्याची वाट बघतात. दुसऱ्या प्रकारच्या झडपा निटिनॉलच्या असतात. त्या बलूनशिवाय स्वतःच उलगडतात.

हे काही मिनिटांचं काम, पण त्याआधी सीटीवर तासभर बसून गणित होतं. झडपेच्या कड्याचा घेर आणि क्षेत्रफळ. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची तोंडं कड्यापासून किती उंचावर आहेत, कारण ती खाली असली तर चेपलेली पाकळी त्यांवर झाकण बनू शकते. कॅल्शियम कुठे आणि किती. जांघेतली धमनी किती रुंद. लहान चणीच्या बायकांत ती अरुंद असते आणि तिथेच फाटण्याचा धोका. झडप लहान पडली तर बाजूने गळते, मोठी पडली तर कडं फाटू शकतं. वापीच्या मेरिल कंपनीच्या मायव्हल या झडपेत दीड-दीड मिलिमीटरच्या फरकाने मापं मिळतात ती यासाठीच. या झडपेची परदेशी झडपांशी तुलना करणारी चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली आणि ती त्यांच्या तुलनेत उणी ठरली नाही. महाराष्ट्राच्या सीमेला लागून बनणारी झडप युरोपातल्या रुग्णांच्या हृदयात बसते आहे, याचा मला अभिमान वाटतो. किंमत मात्र अजूनही सामान्य कुटुंबाला न पेलणारी आहे. टावीचा खर्च आपल्याकडे दहा लाखांच्या पुढे सहज जातो, आणि त्यातला मोठा वाटा झडपेचाच असतो.

जोखमीही नीट ऐकाव्यात. हृदयाच्या ठोक्यांची 'वायरिंग' या झडपेच्या अगदी खालून जाते. ती दाबली गेली तर कायमचा पेसमेकर लागतो. झडपेच्या प्रकारानुसार हे प्रमाण बदलतं, शंभरांत दहाच्या आसपास किंवा जास्त. शंभरांत दोन-तीन जणांना पक्षाघाताचा झटका येतो. हे सही घेताना घाईघाईत नव्हे, आदल्या दिवशी बसवून सांगितलं गेलं पाहिजे.

मग पन्नाशीच्या माणसाने टावी करावी का? अमेरिकेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की ६५ च्या आत ऑपरेशनला प्राधान्य, ८० च्या पुढे टावीला, आणि मधल्या वयात रुग्णाशी बोलून ठरवायचं. कारण प्राण्याच्या ऊतीपासून बनलेली झडप साधारण १० ते १५ वर्षांनी झिजते. जुन्या टावीत पुन्हा टावी बसवता येते, पण प्रत्येकाच्या हृदयात तेवढी जागा नसते. धातूची झडप ऑपरेशननेच बसते आणि खूप टिकते, पण मग जन्मभर रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि रक्त किती पातळ आहे ते पाहणारी पीटी-आयएनआर तपासणी नियमित. पन्नाशीच्या माणसाला "टाके नकोत" एवढ्यावर हा निर्णय घेऊ देणं चुकीचं आहे.

तीच क्लिप, दोन निकाल

गळणाऱ्या मायट्रल झडपेसाठी क्लिप आहे. इटालियन सर्जन ओत्ताविओ अल्फिएरी दोन्ही पाकळ्या मधोमध एका टाक्याने जोडत. क्लिप तेच नळीतून करते. २०१८ साली तिच्या दोन चाचण्या काही आठवड्यांच्या अंतराने प्रसिद्ध झाल्या. दोन्हींत हृदय कमजोर झाल्यामुळे गळणाऱ्या झडपा होत्या. फ्रान्समधल्या ३०४ रुग्णांच्या चाचणीत वर्षभरात काही फरक दिसला नाही. ६१४ रुग्णांच्या कोॲप्ट चाचणीत दोन वर्षांतले मृत्यू ४६.१ टक्क्यांवरून २९.१ टक्क्यांवर आले. उपकरण तेच. कोॲप्टमधल्या रुग्णांना आधी औषधांची पूर्ण मात्रा देऊन पाहिलं होतं, त्यांची गळती जास्त होती आणि हृदय तुलनेने कमी फुगलेलं होतं. ज्यांचं हृदय इतकं ताणलंय की झडप गळणं हा त्याचा केवळ परिणाम आहे, त्यांची झडप चिमटून फारसं साधत नाही, असा याचा सर्वसाधारणपणे लावला जाणारा अर्थ मला पटतो.

डॉक्टरांना काय विचारायचं

फाइल हातात घेऊन विचारा: झडप किती चौरस सेंटिमीटर उघडते? बलून असेल तर स्कोअर किती आणि गळती किती? टावी असेल तर सीटी पाहून कुठलं माप ठरलं आणि का? ऑपरेशन केलं तर काय, याबद्दल सर्जनशी आमचं बोलणं होईल का? हृदयरोगतज्ज्ञ, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि इको करणारा डॉक्टर एकत्र बसून ठरवतात त्याला हार्ट टीम म्हणतात, आणि अशी बैठक झाली का हे विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही. पैशांची अडचण असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का ते भरती होण्याआधी विचारा. भरती झाल्यावर कागद जमवणं अवघड जातं.

घरी आल्यावर जांघेची जागा सुजते का, पाय गार पडतो का, हे पहिले काही दिवस बघा. ताप आला आणि दोन दिवसांत उतरला नाही तर गल्लीतल्या दवाखान्यातून अँटिबायोटिक सुरू करण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा, कारण झडपेवर जंतू बसले असतील तर आधी रक्ताचं कल्चर घ्यावं लागतं. आणि दात काढायचा किंवा हिरड्यांचं काही काम करायचं असेल तेव्हा खुर्चीत बसण्यापूर्वीच दंतवैद्यांना सांगा, की हृदयात कृत्रिम झडप आहे. कामाच्या तासभर आधी अँटिबायोटिकचा एक डोस घ्यावा लागतो. छत्री बसवली असेल तर ही खबरदारी पहिले सहा महिने, झडप असेल तर कायमची.